उपासनामंडळ आणि बालकाची फिर्याद

सिडकोने १९७० नंतर ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर नवे नगर वसवावयास घेतले, तेव्हा कोपरखैरणे हे शेती आणि मासेमारी यांवर गुजराण करणारे आगरी-कोळ्यांचे गाव होते. पुढे मुंबईतील घाऊक बाजार वाशीला आले, त्यांच्यामागोमाग सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांतील माथाडी कामगार आला, कारखान्यांच्या ओढीने केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंतची कुटुंबे आली, आणि यांतील प्रत्येकाने पेटीतील कपड्यांबरोबर आपले दैवत व आपली उपासनेची रीतही आणली. त्यामुळे आज तीन टाकीच्या नाक्यापासून खाडीच्या दिशेने सेक्टरांमागून सेक्टर ओलांडीत गेलेल्या माणसाला गावठाणातील ग्रामदेवतेचे देऊळ, गिरणीच्या शेजारची भजनी मंडळाची खोली, इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात दर रविवारी भरणारे प्रार्थनागृह, मशिदीला लागून असलेला मुलांचा वर्ग आणि एखाद्या निवासी संकुलाच्या सभागृहातील सत्संग ही सर्व एकाच फेरीत भेटतात. गाव मागे टाकून आलेल्या, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आणि शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या कुटुंबाला या मंडळांनी जे दिले ते नगररचनाकाराच्या कोणत्याही आराखड्यात मावण्यासारखे नव्हते. आजारपणात डबा येथून आला, बारशाला आणि तेराव्याला माणसे येथून आली; आणि आईबाप दोघेही कामावर गेले असता मुलांना संध्याकाळी दोन तास धाडता येईल असे विश्वासाचे ठिकाणही हेच ठरले.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय या अखेरच्या शब्दाशी, म्हणजे विश्वासाशी, निगडित आहे. बालसंस्कार वर्ग, रविवारची शाळा, हरिपाठाचा व मृदंगाचा वर्ग किंवा मदरसा यांत शिकविणारा मनुष्य मुलांना पगारी शिक्षकाहून निराळा वाटतो, कारण त्याच्या पाया आईबाप स्वतः पडतात. त्याला नकार देणे म्हणजे देवाला नकार देणे, अशी मुलाची समजूत कोणी मुद्दाम करून द्यावी लागत नाही. ती घरातल्या वागण्यातूनच त्याच्या मनात रुजते. अशा मनुष्याविरुद्ध, अथवा मंडळातील एखाद्या प्रतिष्ठित सेवेकऱ्याविरुद्ध, मुलाने काही सांगितले तर मंडळाने काय करावे, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाही. पंथ बदलला तरी त्याचे स्वरूप विलक्षण सारखे राहते.

ही तक्रार कधीही तक्रारीच्या रूपाने येत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुलगा एके दिवशी वर्गाला जायचे नाही म्हणून हटून बसतो. मुलगी आईला विचारते की अमुक काका तिथे असतील का. पुष्कळदा मूल घरच्यांना काहीच न सांगता मंडळातील दुसऱ्याच कोणाला, चहा करणाऱ्या मावशीला किंवा तबला शिकविणाऱ्या तरुणाला, अर्धे वाक्य सांगते आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून गिळून टाकते. त्या क्षणी ऐकणाऱ्याने काय करावे याविषयी जगभरातील अनुभवी मंडळी जे सांगतात ते अत्यंत साधे आहे. घाबरून ओरडू नये. ‘असे कसे होईल’ असे म्हणू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नसते. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणावे. मुलाने वापरलेले शब्द, कितीही ओबडधोबड असोत, तसेच्या तसे तारीखवेळेसह लिहून ठेवावेत. आणि त्याच्याकडून अधिक तपशील काढण्याच्या फंदात पडू नये. अखेरचा मुद्दा चांगल्या माणसांनाच सर्वांत जड जातो. मावशी विचारते, मग तिचा नवरा विचारतो, मग अध्यक्ष बोलावून विचारतात, मग महाराज स्वतः जवळ घेऊन विचारतात. आणि पाचव्या वेळी मूल थकून ‘काही झाले नाही’ असे म्हणते, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटते. पुढे न्यायालयात आरोपीचा वकील याच पाच निवेदनांतील फरक मांडून मुलाला खोटे पाडू शकतो, याची जाणीव त्या वेळी कोणालाच नसते.

यानंतरचा प्रसंग कोपरखैरण्यातील कोणत्याही मंडळात कसा घडेल हे ज्याने अशी मंडळे आतून पाहिली आहेत त्याला डोळ्यांपुढे आणता येते. शेजारती झाली आहे, दानपेटीला कुलूप लागले आहे, शटर कमरेइतके खाली ओढले आहे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात-आठ कर्ती माणसे बसली आहेत. इतिवृत्ताची वही आज मुद्दामच उघडलेली नाही. एक जण म्हणतो, आधी खातरजमा तर करू. दुसरा म्हणतो, सप्ताह तोंडावर आला आहे, पत्रिका वाटून झाल्या, एवढे पार पडू द्या. तिसरा, जो स्वभावाने खरोखरच दयाळू आहे, म्हणतो की मुलीचे उद्या लग्न व्हायचे आहे, तिचे नाव कशाला चव्हाट्यावर आणता. चौथा सुचवितो की त्यांना समोर बोलावू, चूक कबूल करायला लावू, काही महिने गावी जाऊन राहा म्हणू. या खोलीत दुष्ट मनुष्य एकही नसेल. आणि तरीही रात्री अकरा वाजता शटर बंद होते तेव्हा आरोपीला आपल्यावर काय बालंट येत आहे याची पूर्वसूचना मिळालेली असते, पुरावा नाहीसा करावयास त्याला अवधी मिळालेला असतो, आणि मुलाच्या बाजूने मात्र एकही पाऊल पडलेले नसते.

संसदेने २०१२ साली केलेला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आलेला लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात, या बैठकीला जागाच ठेवीत नाही. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडला आहे हे ज्याला कळले, किंबहुना तो घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटली, त्या कोणत्याही इसमाने ती खबर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. कायद्याने येथे ‘खात्री’ हा शब्द घातलेला नाही. खातरजमा करणे हे पोलिसांचे काम आहे आणि खबर देणे हे आपले. खबर न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही. आणि खबर दडविणारा जर संस्थेचा प्रमुख असेल व अपराध त्याच्या हाताखालच्या माणसाने केलेला असेल, तर कैद एक वर्षापर्यंत जाऊ शकते व दंडही होतो. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल मात्र कोणावरही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. धर्मगुरू, पुजारी, मौलवी, पाद्री यांना या कलमातून कोठेही सूट नाही. याउलट, धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा सेवेतील व्यक्तीने त्या संस्थेतील मुलावर अत्याचार केला तर तो अपराध कलम ५ व ९ यांत अधिक गंभीर वर्गात घातला आहे. ज्या स्थानामुळे मंडळी त्या माणसाला पाठीशी घालू पाहतात, तेच स्थान कायद्याच्या दृष्टीने त्याचा दोष वाढविते.

खबर न देण्याचा हा गुन्हा किरकोळ समजण्याची प्रवृत्ती न्यायालयांतही काही काळ होती. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरावर खबर न दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यापुरती फिर्याद रद्द केली. परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि अपराध घडल्याचे ठाऊक असूनही खबर न देणे हा गंभीर अपराध आहे, त्याने या कायद्याचा हेतूच विफल होतो, असे बजावले. त्या खटल्यातील इसम डॉक्टर होता; पण त्याच्या जागी विश्वस्त किंवा महाराज घातले तरी निकालातील तर्कात काहीही बदलत नाही.

असे असूनही मंडळे आधी स्वतः न्यायनिवाडा करू पाहतात याचे कारण केवळ भीती नव्हे. आपल्याकडे गोतसभेची परंपरा फार जुनी आहे. वतनाचा तंटा असो की आचाराचा, गोताने बसून कैफियत ऐकावी, दिव्य घ्यावे, प्रायश्चित्त सांगावे आणि अपराध्याला पंक्तीला घेऊन प्रकरण संपवावे, ही शिवकालीन व पेशवाईच्या दप्तरांत जागोजाग आढळणारी वहिवाट होती, आणि सरकारची न्यायासने दूर असलेल्या काळात तिचा उपयोगही मोठा होता. तथापि त्या व्यवस्थेचे उद्दिष्ट गोत एकसंध राखणे हे होते. दुर्बळाचे रक्षण हे तिचे पहिले काम नव्हते, आणि पोराबाळांना तर तिच्यापुढे स्वतंत्र उभे राहण्यास जागाच नव्हती. आजच्या मंडळाच्या समितीला गोतसभा हा शब्दही ठाऊक नसेल, परंतु ‘घरातली गोष्ट घरात’ या तिच्या वृत्तीत ती सभा अजून जिवंत आहे. येथे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते की उपासनामंडळाने मंदिराच्या हिशेबाचा, सप्ताहाच्या वर्गणीचा किंवा कीर्तनकाराच्या मानधनाचा तंटा खुशाल आपसात मिटवावा. बालकावरील अत्याचाराचा तंटा मिटविण्याचा त्याला अधिकार नाही, आणि मुलाच्या बापालाही तो नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले: पीडित मुलीच्या वडिलांशी झालेल्या समेटाच्या आधारे असा खटला रद्द करता येणार नाही.

खाडी ओलांडली की गोवंडीचे शिवाजीनगर लागते. तेथील चर्चमधील एका धर्मगुरूने नोव्हेंबर २०१५ मध्ये १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याची तक्रार घेऊन त्याचे कुटुंब प्रथम पोलिसांकडे गेले नाही. ते मुंबई धर्मप्रांताचे तत्कालीन प्रमुख, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस, यांच्याकडे गेले. हे स्वाभाविक होते, कारण ज्याच्या हाताखालचा माणूस चुकला त्याच्याकडेच दाद मागावी हा श्रद्धाळू मनुष्याचा पहिला विचार असतो. पण धर्मप्रांताच्या बाजूने पोलिसांत तातडीने खबर गेली नाही. फिर्याद अखेर कुटुंबानेच दिली आणि डिसेंबरात अटक झाली. ही हकीकत २०१९ च्या फेब्रुवारीत बीबीसीने प्रसिद्ध केली, तेव्हा कार्डिनलांनी आरोपांची हाताळणी आपल्याला अधिक चांगली करता आली असती, अशी कबुली दिली. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये याच विषयावर भरलेल्या जागतिक परिषदेच्या आयोजकांपैकी ते एक होते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. या साऱ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती त्या घरची पहिली निवड. मुलाचा बाप पोलीस ठाण्याच्या आधी धर्माधिकाऱ्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्या दाराने त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाणे एवढेच अपेक्षित असते. आणि नेमके तेच सर्वांत अवघड ठरते.

कोपरखैरण्याहून लोकलने काही स्थानके गेल्यावर सीवूड्स येते. तेथील एका चर्चच्या आवारातील आश्रमगृहावर ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या महिला व बालविकास यंत्रणेने कारवाई करून ४५ मुलांना बाहेर काढले. आणि मुले त्या छपराखालून निघाल्यानंतरच काही मुलींनी तोंड उघडले व तेथील पाद्र्याला पॉक्सोखाली अटक झाली. आरोप सिद्ध होणे ही न्यायालयाची बाब आहे. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो क्रम: आधी सुरक्षितता, मग वाचा. त्याआधी २०१८ च्या जुलैत पुण्यातील कात्रज-कोंढवा भागातल्या एका मदरशातून पळालेली दोन मुले पुणे रेल्वे स्थानकावर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना सापडली, त्यांच्या सांगण्यावरून ३६ मुलांची सुटका झाली आणि एका तरुण मौलवीला अटक झाली. मुलांना आपली गोष्ट सांगण्यासाठी स्थानकावरील अनोळखी माणूस जवळचा वाटावा, यातच सारे आले.

आणि आळंदी. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तिने महाराष्ट्राला कीर्तनकारांच्या पिढ्या दिल्या. तिच्या लौकिकाच्या सावलीत पुढे तेथे खासगी संस्थांचे पेव फुटले, एखाद्या महाराजांनी चार खोल्या भाड्याने घेऊन वीस-तीस मुले ठेवावीत अशी स्थिती झाली. यांपैकी एका संस्थेच्या चालकाला अल्पवयीन मुलांवरील अत्याचाराच्या आरोपावरून जानेवारी २०२४ मध्ये अटक झाली, अशा घटना पुन्हा घडल्याच्या तक्रारी आल्या, ग्रामस्थ संतापले, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी तेथील खासगी संस्थांची तपासणी करण्यास यंत्रणेला सांगितले. संप्रदायाचा अभिमान बाळगणाऱ्या पुष्कळांना ही बदनामीची मोहीम वाटली. मला तसे वाटत नाही. ज्या परंपरेत ज्ञानेश्वरांसारख्या पोरक्या मुलांना समाजाने कसे वागविले याची आठवण सातशे वर्षे जागती ठेवली आहे, त्या परंपरेने परक्या गावी ठेवलेल्या पोराची विचारपूस करणाऱ्या सरकारी माणसाला अडवावे, यात तिचा मान नाही.

आळंदीचा उल्लेख कोपरखैरण्याशी आणखी एका कारणाने जुळतो. मूल इंद्रायणीकाठी आणि आईबाप माथाडी वसाहतीत, अशी स्थिती येथे कित्येक घरांत आहे. मूल सुटीला घरी आले आणि काही बोलले, तर फिर्याद देण्यासाठी आळंदी गाठावी लागते अशी समजूत असते, आणि कामाचे खाडे पडतील या भीतीने पुष्कळजण तेथेच थांबतात. वस्तुतः गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठविली जाते, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ही सोय स्पष्ट शब्दांत दिली आहे. स्वयंघोषित संत आसाराम याच्या प्रकरणात घटना जोधपूरजवळच्या आश्रमातील होती, मुलगी शिकत होती मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या गुरुकुलात, आणि फिर्याद ऑगस्ट २०१३ मध्ये दिल्लीत नोंदली गेली. तिचे कुटुंब आसारामचे निस्सीम भक्त होते, हे विसरता कामा नये. आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याला जन्मठेप होईपर्यंतच्या काळात काही साक्षीदारांचे खून पडले, हेही. कोपरखैरण्यातील कुटुंबाने कोपरखैरणे पोलीस ठाण्यात जावे, ११२ वर दूरध्वनी करावा किंवा १०९८ वर; मुलांसाठीची ही दुसरी सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रयोगातून, सुरू झाली होती. येथे वास्तव्य नवी मुंबईत असले तरी महसुली जिल्हा ठाणे आहे, म्हणून प्रकरण ठाणे जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत तिला व विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते.

पोलीस या शब्दानेच घरे गारठतात, म्हणून पुढे काय घडते ते मंडळाच्या एका तरी माणसाला नीट ठाऊक असावे. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाची असते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपीची गाठ पडू द्यावयाची नसते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि आईबापांपैकी किंवा मुलाच्या विश्वासातले कोणी जवळ असते. रुग्णालयाने आधी पोलिसांचा कागद आणा म्हणून उपचार अडवावयाचे नसतात. न्यायालयात मुलाला थेट प्रश्न विचारले जात नाहीत. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत येतात. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी तर खटला संपेपर्यंत कुटुंबाला सोबत करणारी आधारव्यक्ती नेमण्याची तरतूद केली आहे. हे सर्व प्रत्यक्षात नेहमीच कागदावरच्यासारखे घडते असे नाही. पण कागदावर काय आहे हे ठाऊक असलेला एक मनुष्य बरोबर असला तर ते घडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आरोपीविषयी मंडळाचे कर्तव्य काय, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, कारण खोट्या आरोपाची भीती प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी बोलून दाखवितोच. द्वेषबुद्धीने खोटी फिर्याद देणाऱ्याला कलम २२ शिक्षा सांगते. मुलाला मात्र तीतून वगळते. मंडळाने आरोपीला दोषी ठरवावयाचे नाही, फळ्यावर नाव लिहावयाचे नाही, त्याच्या बायकापोरांना पंक्तीतून उठवावयाचे नाही. परंतु खबर दिल्याच्या क्षणापासून मुलांशी संबंध येणारे प्रत्येक काम, व्यासपीठ आणि किल्ली त्याच्याकडून काढून घ्यावी, आणि हे शिक्षा म्हणून नव्हे तर चौकशी चालू असेतो पाळावयाचा नियम म्हणून. दुसऱ्या शाखेत त्याची बदली करू नये, कारण कॅथॉलिक चर्चच्या अलीकडच्या इतिहासातील फार मोठे दुःख याच एका उपायातून जन्मले. २००२ साली बॉस्टनच्या ‘ग्लोब’ दैनिकाने जे उजेडात आणले त्याचा गाभा अशाच बदल्या होत्या. मंडळाने आरोपीच्या बाजूने चारित्र्याचे दाखले वाटू नयेत, जामिनावर सुटल्यावर हार घालू नयेत. मी वृत्तपत्रांतून अशी छायाचित्रे पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मनात आले ते एवढेच, की हे छायाचित्र त्या मुलानेही पाहिले असेल.

क्षमेचा युक्तिवाद सर्वांत मोहक असतो, कारण तो धर्माच्याच शब्दांत येतो. प्रत्येक धर्मात पश्चात्तापाला स्थान आहे. पण क्षमा करणे हे ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती असते, समितीच्या ठरावाने ती वाटता येत नाही, आणि ती दिली तरी पोलिसांकडील खबर मागे येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे चर्च, शाळा, वसतिगृहे यांच्या दप्तरांची झडती घेऊन १७ खंडांचा अहवाल दिला. त्यात पापनिवेदनात कानी आलेल्या गोष्टीलाही खबर देण्याच्या कर्तव्यातून सूट नसावी, अशी शिफारस आहे. याच आयोगापुढे आले की यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या दप्तरांत १९५० पासून १,००६ संशयितांची नोंद होती आणि त्यांपैकी एकाचीही खबर पंथाने स्वतःहून पोलिसांना दिली नव्हती. कारण कबुली नसेल तर आरोपाला दोन साक्षीदार हवेत असा त्यांचा धर्मनियम. बंद दाराआडच्या अपराधाला दुसरा साक्षीदार कोठून येणार? रोमने मे २०१९ मध्ये जगातील प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची व्यवस्था उभारण्याचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरचे गोपनीयतेचे बंधन उठविले. दोन हजार वर्षे जुन्या संस्थेला हे करावयास एवढा काळ लागला, हे वाचून कोपरखैरण्यातील दहा वर्षांच्या मंडळाने नाउमेद होऊ नये. त्याच्यापाशी मोडावी लागेल अशी जुनी गुप्ततेची शिस्त अद्याप तयार झालेली नाही.

फिर्याद दिल्यानंतर कुटुंबाचे काय होते, याकडे मात्र आपल्याकडे फारच थोडे लक्ष गेले आहे. केरळमधील कोट्टियूर येथे २०१७ साली एका धर्मगुरूच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलीला मूल झाले, तेव्हा आरंभी मुलीच्या बापानेच पोलिसांपुढे स्वतःचे नाव सांगितले होते. धर्मगुरूला वाचविण्यासाठी बापाने हे आपल्या माथी घ्यावे इतका दाब श्रद्धेच्या परिसरात निर्माण होऊ शकतो. आपल्याकडे हा दाब बहुधा मुकाट्याने येतो. हळदीकुंकवाचे बोलावणे चुकते, महाप्रसादाच्या वाढपातून नाव गळते, मोठ्या भावाला ढोलपथकात घेत नाहीत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला २०१६ चा कायदा, जो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला, जातपंचायतींसाठी केला असे सर्वसाधारणपणे समजले जाते; परंतु त्यातील ‘समाज’ या संज्ञेत धर्माने व धार्मिक विधींनी एकत्र आलेल्यांचाही अंतर्भाव आहे आणि शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदीचा कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला होता. त्यानंतर अर्धशतकाने राज्याने पुन्हा तेच पाऊल उचलले. तरीही चुकलेले बोलावणे कोणत्या कलमाखाली आणणार? ते अध्यक्षीणबाईंनी स्वतः जाऊन द्यावयाचे असते, आणि सर्वांच्या देखत.

प्रतिबंधाविषयी थोडक्यात. जेथे काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले मुक्कामाला राहतात त्या संस्थेने बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी केलीच पाहिजे. ‘आमचे अनाथालय नव्हे, गुरुकुल आहे’ ही सबब मांडण्याआधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. मुलांत वावरणाऱ्या प्रत्येकाची, फुकट सेवा देणाऱ्याचीही, पोलीस पडताळणी करून घ्यावी. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवू नये, मग तो प्रत्यक्ष अध्यक्ष का असेना. किंबहुना अध्यक्षाने हा नियम आधी पाळावा म्हणजे इतरांना तो अपमान वाटत नाही. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असेल तर विश्वस्तांना निलंबित व बडतर्फ करण्याचा अधिकार सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड ने आयुक्तांना दिला आहे, हे विश्वस्तांनी वर्षातून एकदा, हिशेब मंजूर करण्याच्या सभेत, वाचून काढावयास हरकत नाही.

राहता राहिला काळ. दखल घेतल्यापासून एक वर्षात खटला शक्यतो संपावा, असे पॉक्सोचे कलम ३५ म्हणते. गोवंडीच्या प्रकरणाला सहा वर्षे लागली. तेरा वर्षांचा मुलगा निकालाच्या दिवशी एकोणीस वर्षांचा झालेला असतो, आणि या मधल्या काळात दोन गणेशोत्सवांनंतर मंडळातील पुष्कळांना ते प्रकरण संपले आहे असे वाटू लागते, समितीची निवडणूक होते, नवे सचिव येतात आणि त्यांना काय घडले होते ते धड ठाऊकही नसते. म्हणून खबर दिल्याच्या दिवशी जो कागद लिहिला त्याची प्रत सीलबंद करून विश्वस्तांच्या दप्तरात ठेवावी, मुलाचे नाव कोणत्याही वहीत, फलकावर वा मोबाइलवरील समूहात येऊ देऊ नये, आणि दर तारखेला कुटुंबाबरोबर न्यायालयात कोण जाणार, त्या दिवशी बुडालेल्या हजेरीची भरपाई कोठून होणार आणि धाकट्या भावंडांना शाळेतून कोण आणणार, याचा ठराव नव्या समितीने आपल्या पहिल्याच सभेत करावा.